मेद होता तिथे

परळला, तिसऱ्या मजल्यावर, एक्झॉस्टच्या घरघरीत
मी माणसांमधला मेद धुऊन काढते.
असं सांगितलं की वहिनी म्हणते,
मग माझाही काढ ना दोन किलो.

नखाएवढा तुकडा येतो. स्तनाचा, आतड्याचा,
कुणाच्या मानेवरच्या गाठीचा.
आधी फॉर्मालिन, मग चढतं अल्कोहोल, मग झायलीन.
झायलीनमध्ये तुकडा काचेसारखा होतो
आणि त्यातलं जे जे स्निग्ध, ते निमूट निघून जातं.
त्याच्या जागी मेण भरायचं,
मेणाचे काप काढायचे, फुंकरीने उडतील असे.
रंगवल्यावर सगळं गुलाबी-जांभळं,
आणि मेद होता तिथे पांढरी भोकं,
घावनाला पडतात तशी.

नवी मुलं विचारतात, मॅडम, इथे काहीच नाही का?
होतं, मी म्हणते. आपणच घालवलं.

इनास घोन्साल्विस, आमचा सिनियर, जेवताना शिकवायचा.
डब्यातल्या कालवणावरचा तवंग चमच्याने हलवत म्हणाला,
पेडणेकर, हे नसतं तर तू नसतीस.
एक रेणू घे. डोक्याला पाणी आवडतं,
दोन शेपट्यांना पाणी खपत नाही.
असे लाखो पाण्यात सोड.
कुणी न सांगता रांगा धरतात,
डोकी पाण्याकडे, शेपट्या आत, शेपट्यांना लागून दुसऱ्या शेपट्या.
खिळा नाही, गोंद नाही.
नुसता पाण्याचा कंटाळा,
आणि त्यातून आत आणि बाहेर हे दोन शब्द तयार होतात.

मला आमची काळाचौकीची खोली आठवली.
काकाचं लग्न झालं तेव्हा मधोमध पडदा लागला.
साडीचा होता. हलायचा.
चहा पलीकडे जायचा, मीठ अलीकडे यायचं,
भांडण जायचं नाही असं ठरलं होतं.
जायचंच.

आबा शिवडीला, वनस्पती तुपाच्या कंपनीत.
तेलात गॅस सोडायचे, दाबाने,
की वाकड्या साखळ्या सरळ व्हायच्या,
एकमेकींना चिकटून बसायच्या, आणि पातळ ते गोठायचं.
साखळ्या आबांना माहीत नव्हत्या.
ते म्हणायचे, तेलाला शिस्त लावतो आम्ही.
बांगड्याला कुणी शिस्त लावत नाही,
म्हणून त्याचं तेल बर्फातही वाहतं,
हे मी त्यांना सांगायला हवं होतं. आवडलं असतं.
त्यांचा खाकी शर्ट आई सोड्यात उकळायची,
तरी पाणी त्याच्यावरून घरंगळायचं.

शेवटी त्यांना बटण लावता येईना.
नसांवरचं वेष्टण झिजलंय, डॉक्टर म्हणाले,
तेही स्निग्धच असतं, थरावर थर गुंडाळलेलं.
म्हणजे वायर उघडी पडली, आबा म्हणाले,
आणि बोटांकडे बघत राहिले.
निरोप निघाला होता. पोचत नव्हता.

परवा रात्री साडेअकराला यकृताचा तुकडा आला.
देणारा एकवीस वर्षांचा. घेणारी वरच्या मजल्यावर, तयार.
किती मेद आहे, लगेच सांगा.
इतक्या घाईत झायलीन नाही, मेण नाही.
गोठवायचं, कापायचं, लाल रंगात बुडवायचं.
मी स्लाइड लावली, फोकस फिरवला.
भोकं नव्हती.
थेंब होते, केशरी-लाल, ज्याच्या त्याच्या जागी,
पेशीपेशीत इवलाले, फार नव्हते.
सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी पुन्हा पुन्हा मोजले.
चालेल, डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. घ्या.

पहाटे घरी येऊन डबा घासायला घेतला.
कडेला तवंग होता, सुकटीचा.
दोन थेंब एकमेकांकडे सरकत होते,
घाई नव्हती त्यांना.
नळ चालू होता. मी बंद केला.